पाहिलंस की ऐकलंस

आप्पा, आई आता दौंडला माझ्याकडे असते. शिरूरच्या घराला कुलूप आहे. ती तिथून निघाली कशी, असं तुम्ही विचाराल. तेच सांगायला मी गेले कित्येक दिवस कागद घेऊन बसते आणि काहीतरी निमित्त काढून बाजूला होते. कधी कुकर, कधी दूधवाला, कधी तुमच्या जावयाच्या पायाची पट्टी. आज दुपारी घरात सामसूम आहे. ते आतल्या खोलीत झोपलेत. आई पुढच्या दारात खुर्ची टाकून बसली आहे आणि रस्त्यानं जाणाऱ्या बायकांशी बोलते आहे. काय बोलते आहे ते मला इथं स्वयंपाकघरात ऐकू येत होतं, म्हणून मी दार लोटून घेतलं.

लहानपणी पुनरुत्थानाच्या दिवशी, ईस्टरला, तुम्ही आम्हाला तांबडं फुटायच्या आधी उठवायचात. आदल्या दिवशी तुम्ही आणि चर्चच्या मंडळीतले चार बाप्ये जाऊन कबरस्थानातलं गवत काढून, कबरींना चुना मारून आलेले असायचात. अंधारात त्या पांढऱ्या कबरी, प्रत्येकीवर एक मेणबत्ती, आणि फाटकाशी उभे राहून तुम्ही म्हणायचात, प्रभू उठला आहे. सगळे म्हणायचे, खरोखर उठला आहे. शाळेत कवायतीच्या वेळी तुमचा जो आवाज असायचा तोच तो आवाज, फक्त जरा खाली आणलेला. एका वर्षी, मी तिसरीत वगैरे असेन, तुम्ही उपासनेनंतर आम्हा पोरांना कबरींच्या मधल्या वाटेवर बसवलंत आणि विचारलंत, "कबर रिकामी आहे, प्रभू उठलाय, हे आज सकाळी तुम्हाला कळलं. आता काय करणार?" पाळकांची मुलगी म्हणाली, स्तुती करणार. कुणी म्हणालं, गुडघे टेकणार. मी म्हणाले, आनंद करणार. तुम्ही सगळ्यांदेखत मला म्हणालात, "आनंद होतो, तो करावा लागत नाही. करायचं काय, ते सांग." मला तुमचा इतका राग आला होता की घरी येईपर्यंत मी आईचा पदर सोडला नाही.

आणि करायचं काय, ते तुम्ही त्याच दिवशी दाखवलंत, किंवा पुढच्या वर्षी असेल. आता वर्षं एकमेकांत मिसळतात. कबरस्थानातून सगळे आपापल्या घरी न्याहारीला निघाले आणि तुम्ही आम्हाला भलत्याच गल्लीत वळवलंत. मंडळीत गाणी बसवणारे जे मास्तर होते, त्यांचं आणि तुमचं पेटीवरून वाजलं होतं. नवी पेटी घ्यायची की जुनीच दुरुस्त करायची, एवढ्यावरून तुम्ही दोघं जाणती माणसं वर्षभर एकमेकांना रस्त्यात ओळख देत नव्हता. त्यांच्या दारात आपण उभे. ते बनियनवर, तोंडात दातवण. तुम्ही म्हणालात, "प्रभू उठलाय ना? मग चहा टाका." मग त्यांनी तोंड धुतलं आणि आत बघून बायकोला हाक मारली. आईनं पिशवीतून भाकरी आणि उकडलेली अंडी काढली, म्हणजे तिला आधीपासून ठाऊक होतं. तेव्हापासून दरवर्षी आपण त्या दिवशी कुठल्यातरी रुसलेल्या घरी जेवलो. काही वर्षी तर मला वाटायचं की या दिवसाला घर मिळावं म्हणूनच तुम्ही मधूनमधून भांडता. पण ते तुमचं उत्तर होतं. ज्याच्या धन्याची कबर रिकामी झाली त्यानं आपल्या मनात कुणाला पुरून ठेवू नये, असं तुम्ही म्हणायचात, आणि नुसतं म्हणून थांबायचा नाहीत, हे तुमचं मला आवडायचं.

तुमचं दुसरं एक होतं, ते मात्र आवडायचं नाही, कारण त्यात लोक दुखावायचे. साक्षीच्या सभेत कुणी उठून सांगायला लागलं, की अमक्याला दर्शन झालं, तमकीचा हात बरा झाला, की तुम्ही मागच्या बाकावरून विचारायचात, "पाहिलंस की ऐकलंस?" ऐकलं म्हटलं, तर तसं सांग म्हणायचात. विश्वास आहे म्हटलं, तर फार चांगलं म्हणायचात. फक्त न पाहिलेलं पाहिलं म्हणायचं नाही. तो बाहेरगावचा प्रचारक आठवतो का तुम्हाला, पांढऱ्या बुटांचा? तळेगाव ढमढेऱ्याच्या पुढं एका वस्तीवर प्रार्थनेनं मेलेली पोर उठून बसली, असं त्यानं भर सभेत सांगितलं. बायका रडायला लागल्या, आमच्या अंगावर काटा आला. आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी शाळेतून रजा काढून, बाजारच्या गाडीत उभं राहून त्या वस्तीवर गेलात. संध्याकाळी परत आलात ते पिशवीभर वांगी घेऊन. पोरीच्या आईनं दिली होती. पुढच्या सभेत उठून तुम्ही म्हणालात, "पोरीला ताप होता, ती बेशुद्ध पडली होती, ती बरी झाली. देवाची स्तुती असो. पण ती मेली नव्हती." मंडळीनं तुमच्याशी महिनाभर धड बोलणं टाकलं. आई तर घरात चुलीपुढं बसून तुमच्यावर चवताळली, "लोकास्नी येवढा आनंद झालता, तुमचं काय जात हुतं?" तुम्ही वांगी चिरत होतात. तुम्ही म्हणालात, "त्या एका उठण्यावर आपलं सगळं उभं आहे. ते कुणाला रडवायला नाही, कुणाला हलवायला नाही आणि कुणाची सोय लावायलाही नाही." शेवटचे शब्द मला तेव्हा कळले नव्हते.

तुम्ही गेल्यावर पहिली काही वर्षं आई चांगली होती. मग ती विसरायला लागली. आधी गॅस, मग नळ, मग आम्हाला. धाकट्यानं पुण्यात दोन खोल्यांचं घर घेतलंय आणि त्याच्या बायकोनं पहिल्याच वर्षी हात टेकले, तिला मी दोष देत नाही. सारखं कुणाच्या राखणीला बसणं सोपं नसतं. मग राहिले मी. तुमचे जावई रेल्वेतून रिटायर झाले होते, मुलगा नोकरीला लागून लांब गेला होता. ते म्हणाले, आई त्यांच्या घरातच बऱ्या राहतील, जा तू शिरूरला, मी काय लहान आहे का. मी नर्सची नोकरी सोडली आणि दौंडचं घर त्यांच्यावर टाकून शिरूरला राहायला आले. थोडे दिवस, असं सगळेच म्हणत होते. ते थोडे दिवस चार वर्षं चालले. शनिवारी शेजारच्या आक्कांना आईपाशी बसवून मी एसटीनं दौंडला यायचे, आठवड्याचे डबे करून, यांच्या कपड्यांना इस्त्री करून रविवारी परत. चौफुल्याला गाडी बदलताना मला कधीकधी कळायचं नाही, की मी घरी चालले आहे की घरून.

दोन वर्षांपूर्वीच्या ईस्टरला मी आईला कबरस्थानात घेऊन गेले होते. आता फाटकाशी उभं राहून म्हणायला आपले पाळकसाहेब असतात, तरुण आहेत, गिटार वाजवतात, मनानं फार चांगले. त्यांनी उपदेशात सांगितलं, की प्रभू उठला तसेच प्रभूमध्ये निजलेले आपले सगळे उठतील. आई तुमच्या कबरीच्या कडेवर बसली होती. ती उठून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "कवा?" लोक हसले, मायेनंच हसले. पाळकसाहेबही हसले आणि म्हणाले, "लवकरच, आजी." आप्पा, त्या माणसानं दुसरं काय म्हणायला हवं होतं? तुम्हीसुद्धा जन्मभर तेच सांगत आलात. पण आईनं ते ऐकलं आणि ठेवून घेतलं. तिला दुपारचं जेवण संध्याकाळी आठवत नाही, पण एवढं तिच्या डोक्यातून कशानं गेलं नाही. घरी येऊन तिनं ट्रंकेतलं तुमचं धोतर काढलं, सदरे काढले, धुऊन वाळत घातले. गादीला ऊन दाखवलं. मी विचारलं, काय चाललंय? म्हणाली, "येत्यात न्हाई का ते."

तेव्हापासून ती वाट बघते. दाराला दिवसा कडी नाही, रात्री मी लावली तर ती उठून काढणार. तिला दवाखान्यात न्यायचं तर आधी आक्कांना घरात आणून बसवायचं, मगच ती उंबरा ओलांडणार. दोनदा धाकटा गाडी घेऊन आला, की चल, दौंडला ताईकडे राहा, तिथं दाजीही आहेत. दोन्ही वेळा तिनं खिडकीचा गज धरला. अंगात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे, आम्हा दोघांना तिची बोटं सोडवेनात. आणि ओरडली वगैरे नाही, शांतपणे सांगत होती, जसं एखाद्या अडाण्याला सांगावं, "घराला कुलूप बघून ते माघारी जातील. मंग म्या कुठं हुडकू त्यास्नी?" धाकटा गाडीत जाऊन बसला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. मला रडू आलं नाही, मला राग आला. मला वाटलं, आप्पा, तुम्ही या बाईला हे इतकं पक्कं कशाला शिकवलंत?

मी पाळकसाहेबांकडे गेले. म्हटलं, तुमचं ऐकेल, तिला सांगा की ते तसं नसतं. ते म्हणाले, बरोबर आहे, तसं नसतं. मी म्हटलं, मग कसं असतं? त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "ताई, खरं सांगू? आजींनी मला कवा विचारलं ना, तेव्हापासून मीच ते बोलताना अडखळतो." मग आम्ही प्रार्थना केली. आमेन म्हणून डोळे उघडले, आणि पुन्हा तेच: तीच आई, तेच उघडं दार, आणि तिकडे हे एकटे. मला जाता येत नव्हतं आणि राहवत नव्हतं. शेजारच्या आक्का मात्र स्पष्ट बोलतात. त्या दीक्षाभूमीला जाऊन आलेल्या, घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो. आईवर त्यांचा जीव आहे. एकदा भाजी निवडताना म्हणाल्या, "आमच्यात गेला त्यो गेला, परत येनं न्हाई. तवा आमाला ह्यो घोर न्हाई. पर बाय, तुज्यात हाय तर वापर की त्येला. सांग तिला, आप्पा दौंडाला आल्यात म्हनून. पळत येईल म्हातारी." मी म्हटलं, आक्का, काहीतरीच काय. त्या म्हणाल्या, "बरं, ऱ्हायलं," आणि गवारीच्या शेंगा मोडत राहिल्या.

या ईस्टरनंतरच्या आठवड्यात यांचा पाय चिघळला. साखरेची जखम, अंगठ्याशी होती ती टाचेकडे सरकली. हे फोनवर काही बोलले नाहीत. शेजारच्या मुलानं कळवलं. मी गेले तर यांनी स्वतःच पट्टी बांधली होती, उलटी, आणि वर मोजा चढवला होता, मला दिसू नये म्हणून. मी नर्स, आप्पा. बाहेरच्या माणसांच्या जखमा मी आयुष्यभर धुतल्या. डॉक्टर म्हणाले, रोज ड्रेसिंग लागेल, रोज, नाहीतर पाय वाचणार नाही. मी यांना म्हटलं, मला आधी का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "सांगून तू काय करणार होतीस? दोन तुकडे करून घेणार होतीस का स्वतःचे?" ते चिडून म्हणाले असते तर बरं झालं असतं.

शिरूरला परतले. आई दारातच होती. मी चप्पलसुद्धा काढली नाही. मी म्हणाले, आई, आप्पा दौंडला आलेत.

मला वाटलं होतं ती एकदम हरखेल, घाई करेल, विचार न करता निघेल. ती जागची हलली नाही. तिनं माझ्याकडे नीट बघितलं, इतकं नीट तिनं मला वर्षभरात बघितलं नव्हतं, आणि म्हणाली, "कुनी सांगितलं?" म्हटलं, मीच सांगते. "म्हंजी तू बगितलं?" मी हो म्हणाले. "डोळ्यानं?" हो. "हात लावून बगितला?" आप्पा, ती तुमच्यासारखी विचारत होती. जन्मभर तुमच्या त्या सवयीवर चिडणारी बाई, तिच्यात ती सवय उतरली होती आणि मला ठाऊकच नव्हतं. अजून वेळ होता. लोक म्हणतात असं म्हणता आलं असतं, स्वप्नात दिसले म्हणता आलं असतं. मी म्हणाले, हो आई, हात लावून बघितला. तेव्हा कुठं ती खुर्चीवरून उठली. म्हणाली, "मंग हितं कशाला बसलीयास? त्यांच्या जेवनाचं काय केलंस तिकडं?"

आक्कांच्या भाच्याची गाडी केली. आईनं स्वतःच्या हातानं घराला कुलूप लावलं; ज्या कुलपावरून दोन वर्षं रामायण झालं, ते एका मिनिटात लागलं. पांढरी साडी नेसली, केसाला तेल लावलं, मांडीवर तुमच्या धोतराचं गाठोडं. न्हावऱ्यापर्यंत ती नुसती बाहेर बघत होती. पारगावच्या पुलावर नदी आली तशी तिला कंठ फुटला. ड्रायव्हरला म्हणाली, "आमचे मालक आल्यात दौंडाला." तो म्हणाला, अरे वा, आजी, कुठं गेले होते आजोबा? आई म्हणाली, "वारले हुते." त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि मी बाहेर उसाकडे बघितलं. पुढं पाटसपर्यंत त्या पोरानं गाणीसुद्धा लावली नाहीत. आई मात्र बोलत राहिली. तुम्हाला शेंगदाण्याची चटणी कशी लागते, पोटाला काय चालत नाही, इतक्या दिवसांनी आलेल्या माणसाला एकदम जड जेवण द्यायचं नाही. इतका आनंद मी तिच्या तोंडावर कधी बघितला नव्हता, माझ्या लग्नातसुद्धा नाही. आणि त्या आनंदाशेजारी मी चोरासारखी बसले होते, आणि खरं सांगते, निम्म्या वाटेवर मला गाडी वळवावीशी वाटली, आणि निम्म्या वाटेवर फक्त यांचा पाय दिसत होता.

घरी आल्यावर तिनं सगळ्या खोल्या बघितल्या. मी म्हटलं, बाहेर गेलेत, येतील. मी तयारीत होते, की आता ती कोसळेल. ती म्हणाली, "जानारच. उटल्यालं मानूस घरात बसून ऱ्हातंय व्हय? मंडळींस्नी भेटाय गेलं आसतील." आणि तुमच्या धोतराचं गाठोडं खुंटीला लावून हातपाय धुतले. तेव्हापासून रोज हेच चाललंय. सकाळी विचारते, आलते का? मी म्हणते, आले होते, तू झोपली होतीस, गेले. ती म्हणते, उठवायचं न्हाई का मला. आणि रागावत नाही. पूर्वी मी उघड्या दारामागं अडकले होते, आता माझ्याच शब्दामागं अडकले आहे, आणि याला कुलूपही मीच, किल्लीही मीच. यांचा पाय सुधारतोय, हे लिहायला हवं. जखम आतून लाल झाली आहे, भरत येणाऱ्या जखमेसारखी, कड धरते आहे.

पण आईनं एक आरंभलंय, जे मी हिशोबात धरलंच नव्हतं. ती सांगते. चारचौघींत जिनं कधी तोंड उघडलं नाही, साक्षीच्या सभेत तुम्ही कोपर मारलंत तरी जी उठली नाही, ती आता दारातून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकीला सांगते, की आमचे मालक मेल्यातनं उठल्यात. आणि कुणी हसलं तर म्हणते, "माज्या लेकीनं हात लावून बगितलाय. नर्स हाय ती, तिला कळतंय मेल्यालं आन् जित्तं." इथल्या मंडळीत सगळ्यांना आईचं दुखणं ठाऊक आहे. ते मान डोलावतात, मला डोळ्यांनी सांगतात, चालायचंच. मीही डोळ्यांनी हो म्हणते. असं निभलं असतं.

मागच्या आठवड्यात एक बाई आल्या. आमच्याच मंडळीतल्या, नवरा रेल्वेत. त्यांचा एकुलता मुलगा गेल्या पावसाळ्यात हायवेवर मोटरसायकलच्या अपघातात गेला. शवपेटी बंदच आणली होती. उघडू दिली नाही कुणाला. त्या आल्या, आईशेजारी बराच वेळ बसल्या, मग आत माझ्याकडे आल्या. मी चहा टाकला. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि दुसरं काही न बोलता विचारलं, "ताई, तोंडावळा कसा होता हो? होता तसाच होता का? नीट होता?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि दूध उतू गेलं तरी मी गॅस बंद केला नाही. त्यांना वेड लागलेलं नव्हतं, आप्पा. त्यांना आईचं दुखणं ठाऊक होतं. तरी कुणीतरी म्हटलं होतं, की पाहिलं, आणि त्या माउलीला एवढंच हवं होतं, की उठतात तेव्हा चेहरा परत मिळतो का. मी म्हणाले, मी नाही पाहिलं. आईला इकडे आणायचं होतं, म्हणून तसं म्हणाले. त्या म्हणाल्या, "हां. वाटलंच होतं मला." मग म्हणाल्या, "पण आजी इतकं खात्रीनं सांगतात ना." इथं मला एक वाक्य बोलता आलं असतं. पाहिलं नाही, पण विश्वास आहे. तुम्ही त्याला फार चांगलं म्हणायचात. ते माझ्याजवळ होतं, तुम्ही शिकवलेलं, लहानपणापासून. पण ज्या तोंडानं मी आईला हात लावून बघितला म्हणाले, त्या तोंडात ते येईना. आलं असतं तरी त्यांनी का मानावं? ज्या एका माणसाला माझ्या विश्वासाची खरोखर गरज होती, त्याच्यासाठी माझ्याकडे तो उरला नव्हता. मी आधीच तो भाड्याच्या गाडीसारखा वापरून घेतला होता. त्यांनी कप धुऊन पालथा घातला. जाताना आईपाशी वाकून म्हणाल्या, "आजी, आजोबा आले की मला बोलवा." त्या आईचं मन राखायला म्हणाल्या, की खरंच, मला समजलं नाही. आईनं मागून मला विचारलं, "काय म्हनत हुती गं ती?" मी म्हटलं, आप्पांना सलाम सांगितलाय.

हे पत्र कुठं पाठवायचं? शिरूरला तुमच्या कबरीवर नेऊन ठेवता येईल, एक दिवसाचा तर प्रश्न आहे, आक्का भेटतील, घरही झाडून होईल. पण मी ते करणार नाही. या रविवारी उपासनेत मेलेल्यांच्या पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे, असं सगळ्यांबरोबर मीही म्हटलं, आणि ते मी खोटं म्हटलं नाही. विश्वास नसता तर मी इतकी घाबरले नसते. आक्का म्हणतात तसं, मग तो घोरच नसता. मग इथल्या पाळकांनी हात वर करून प्रार्थना केली, की प्रभू, लवकर ये, आणि आमच्या निजलेल्यांना उठव. आई माझ्या शेजारी होती, तिनं सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हटलं. मी नुसते ओठ हलवले. तुम्ही खरोखर आलात, तर आईला कळेल की आधी आला नव्हतात. म्हणून, आप्पा, आई आहे तोवर तुम्ही येऊ नका.